पुठ्ठ्यावरचे तीन डाग

सकाळी 8. काल दोरीला बांधून आलेल्या पद्मिनी गाडीखाली रात्री कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. त्यावर तीन डाग पडलेत: पुलीखाली एक, पेट्रोल पंपाखाली एक आणि बेल हाउसिंगखाली सगळ्यात मोठा. गाडी 1985 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, सहा वर्षं शेडमध्ये उभी. गाडीचे मालक असलेल्या सरांचा मुलगा कालच म्हणाला, "मिस्त्री, फुल इंजिन बांधून टाका." मी होकार दिला नाही. गळतंय म्हणून इंजिन झिजलंय असं धरून चालत नाही, आणि झीज मोजल्याशिवाय मी इंजिन उतरवत नाही.

8.30. मोठ्या डागातलं तेल बोटांत चोळून हुंगलं. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो, तो नाही. इंजिनचंच तेल. डिपस्टिकवर दुधाळपणा नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. काल प्लग काढून चारही सिलिंडरांत चमचा चमचा तेल सोडलं होतं. पुलीच्या नटाला पाना लावून हातानं दोन फेरे फिरवले. कुठं अडकलं नाही.

9.30. डिझेल आणि ब्रशनं इंजिन धुतलं, हवा मारून कोरडं केलं, टाल्कम पावडर भुरभुरली. नवं तेल, बाटलीतून ताजं पेट्रोल, वीस मिनिटं चालू. पावडर भिजली की गळतीची वाट दिसते. पहिली ओली रेघ निघाली टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, आणि ब्लॉकवरून ओघळत थेट बेल हाउसिंगपर्यंत उतरली. मोठ्या डागाचं मूळ वर होतं! कव्हर काढलं, तर कुणीतरी पॅकिंगवर सिलिकॉन थापून नट इतके आवळलेले की पत्र्याची कड वाकलीय. पुलीमागचं ऑइल सील उभ्या गाडीत वाळून कडक झालंय, पंपाचं पॅकिंग फाटलंय. हे पाहून वाईट वाटतं. दोन पॅकिंगं आणि एक सील, एवढ्यावर लोक गाडी भंगारात घालायला निघतात.

11.30. आता खरी परीक्षा. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घेतलं: 125, 120, 70, 120. तिसऱ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा घेतलं: 74. रिंगा गेल्या असत्या तर तेलानं आकडा चांगलाच वर आला असता. मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली आणि सायलेन्सरला कान लावला. फुसफुस तिथंच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

1.30. डबा.

2.30. ऑइल प्रेशरला गेज जोडलं. गरम इंजिनला आयडलिंगवर 18, रेस केल्यावर 45. बेअरिंगं धरून आहेत. तेल भरायचं झाकण उघडलं तर बॅक कॉम्प्रेशनही नावापुरतंच.

3.30. सर आणि त्यांचा मुलगा आले. मुलाचं म्हणणं, "एकदाच सगळं नवं करू की, परत कटकट नको." मी म्हटलं, "दादा, बोअर करायचा म्हणजे ब्लॉकचं लोखंड कापायचं. ते परत येत नाही. आरसी बुकावर नंबर याच ब्लॉकचा आहे. आज गरज नसताना एक बोअर खर्च केला, तर गरज पडेल तेव्हा काय कापणार?" सर काही बोलले नाहीत. पावडरीतल्या ओल्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "आधी हेड उघडा. बोअर बघा आणि मग सांगा."

5. हेड उतरवलं. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाच पडलीय. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा नाही. म्हणजे मूळचा 68 मिलिमीटरचा बोअर, एकदाही न कापलेला. भिंतीवर वरच्या टोकाला नख फिरवलं. काठ लागतो, पण नख अडत नाही. होनिंगच्या आडव्या-तिरप्या रेघा अजून दिसतात.

6.30. हेड घेऊन उद्यमनगर. लेथवाल्यानं सरळ पट्टी ठेवून फिलर घालून पाहिला. फेसिंगला हलका हात, व्हॉल्व्ह नवा, सीट कापून घासायची, गाइड तपासायचे. परवा मिळेल.

7.30. सरांना फोन लावला. "सर, खालचं इंजिन उघडत नाही. हेड, पॅकिंगं, पुढचं सील." पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "जळलेला व्हॉल्व्ह ठेवलाय का? मला बघायचाय."

कागदात गुंडाळून ठेवलाय.