काठावरची पुनरावृत्ती आणि लय

साडीचा काठ, उंबऱ्यापुढची रांगोळी, जुन्या वाड्यातील फरशी यांत एकच आकार पुन्हा पुन्हा येतो. संकल्पचित्राच्या तासाला मुलेही हेच करतात. एक पान निवडतात, पट्टीने समान अंतरे आखतात आणि तेच पान दहा वेळा काढतात. चूक कुठेच नसते, तरी चित्र निर्जीव वाटते. 'यात लय नाही' असा शेरा मिळतो. पण लय म्हणजे काय, हे सांगायचे राहून जाते.

आधी पुनरावृत्ती पाहू. बटाटा कापून त्यावर एका बाजूला झुकलेले पान कोरा. या ठशाने काठ छापायचा आहे. ठसा नुसता पुढे सरकवत गेलात तर सगळी पाने एकाच दिशेला झुकतील. एक सुलटे, एक अर्धा फेरा फिरवून उलटे, असे छापले तर दुसरा काठ मिळेल. आता समोरासमोर तोंड केलेली दोन पाने छापून पहा. ठसा कसाही फिरवा, जमणार नाही! फिरवून आरशातील प्रतिमा मिळत नाही. त्यासाठी उलट बाजूला झुकलेला दुसरा ठसा कोरावा लागतो. ओल्या पिठात मूठ बुडवून बाळपावले उमटवताना डावी आणि उजवी अशा दोन्ही मुठी लागतात, त्याचे कारण हेच. (भेंडीच्या ठशाने हा फरक कळत नाही, भेंडीचा काप डावी-उजवीकडे सारखाच असतो.)

दोन्ही ठसे हाताशी आले की आणखी पाच प्रकारचे काठ करता येतात :

१. समोरासमोरच्या पानांच्या जोड्या.
२. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी वर-खाली जोडी.
३. पावलांसारखी, एकदा रेषेच्या या बाजूला आणि एकदा त्या बाजूला, पुढे सरकणारी पाने.
४. नागमोडी रेषेसारखी, आरसा आणि अर्धा फेरा आळीपाळीने येणारी रचना.
५. चौकटच्या आकारांच्या ओळीसारखी, उभा आणि आडवा असे दोन्ही आरसे असलेली रचना.

पहिले दोन धरून एकूण सात. आकार कोणताही घ्या, सरळ पट्टीवरच्या पुनरावृत्तीचे आठवे तंत्र नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. संपूर्ण पृष्ठभाग भरायचा असेल तर असे 17 प्रकार होतात. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव यांनी 1891 मध्ये ते दाखवून दिले.

मग लय कुठे आली? त्रितालाकडे पहा. त्याच्या 16 मात्रा समान अंतराने पडतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, पण नवव्या मात्रेवर खाली. चारही विभागांवर टाळीच दिली असती, तर आपण आवर्तनात कुठे आहोत हे हाताच्या खुणेवरून कळले नसते. चित्रातही असेच घडते. समान अंतरावरचे दहा ठिपके काढा. नजर त्यावरून घसरत जाते. तेच ठिपके दोन-दोन जवळ आणून मध्ये मोकळी जागा सोडा. लगेच जोड्या दिसू लागतात. जवळच्या गोष्टी नजर गटाने पाहते, हे माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1923 मध्ये मांडले होते. म्हणजे मोकळी जागाही रचनेचाच भाग असते.

लय बदलातूनही येते, पण तो बदल क्रमाने व्हावा लागतो. वारली चित्रातील तारपा नाच आठवा. दोन त्रिकोणांची माणसाची आकृती जवळजवळ तीच राहते. मात्र वळत जाणाऱ्या रांगेबरोबर तिचा कल थोडाथोडा बदलतो आणि रांग फिरताना भासते.

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. पण सरकवणे, फिरवणे आणि परावर्तन या भूमितीच्या क्रिया मुले ठशांच्या तासात हाताने करतात. तो तास राखावा. पुढच्या वेळी निर्जीव वाटणारा काठ समोर आला, तर शेरा मारण्याऐवजी तीन प्रश्न विचारा : इथे आकार कोणत्या क्रियेने पुढे गेला? नजर कुठे थांबते? आणि 'खाली' कुठे ठेवता येईल?