वहीतल्या सहा ओळी

दुकानाला शटर असतं. घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईला फक्त दार असतं, आणि ते रात्री नऊलाही वाजतं. मी हॉलच्या खिडकीशी मशीन ठेवून शिवते. सुरुवातीची काही वर्षं घड्याळाशी भांडण्यात गेली. आठला मशीन बंद, रविवारी हात लावायचा नाही, असे नियम करायचे आणि मोडायचे. पुढे लक्षात आलं की रविवार जातो तो मंगळवारीच, ‘हो, सोमवारी मिळेल’ म्हणताना. फक्त गेलाय हे शनिवारी कळतं.

म्हणून आधी तारीख देण्याची रीत बसवली. त्यासाठी एका ब्लाउजला खरोखर किती वेळ लागतो ते आठवडाभर टिपून ठेवलं. मी सगळ्यांना ‘दीड तासात होतो’ सांगायचे. तो निव्वळ मशीनवरचा वेळ निघाला. माप आणि गळ्याची चर्चा 25 मिनिटं (सासू-सून दोघी आल्या असतील तर देव जाणे). सुती अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करण्यात हात गुंततो तो 20 मिनिटं. हे टाळलं की पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. कटिंग अर्धा तास. शेवटी हातशिलाई, हुक, इस्त्री मिळून पाऊण तास. झाले साडेतीन तास.

घरचं आवरून मला दिवसाला पाच तास सुटतात, सहा दिवसांचे 30. त्यात आठ ब्लाउज बसतात. पण आठ घ्यायचे नाहीत. एकाचा वेळ दुरुस्तीसाठी, कारण बाही घट्ट झाली म्हणून कुणीतरी परत येतंच. एकाचा तातडीच्या कामासाठी. ती जागा गुरुवारपर्यंत मोकळी ठेवते आणि दीडपट दराने देते. उरले सहा. वहीत प्रत्येक आठवड्याच्या पानावर सहाच ओळी आखलेल्या आहेत. गिऱ्हाईक आलं की पहिली रिकामी ओळ शोधायची आणि त्या आठवड्याचा शनिवार सांगायचा. अंदाज नाही, भीड नाही. नाराज झालेली बाई तारीख ठरलेली असली की बहुतेकदा थांबते. खोटी तारीख मिळालेली मात्र रोज फोन करते.

लिज्जतमध्ये ही मर्यादा कामातच आहे. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या त्या उद्योगात बायका सकाळी मळलेलं पीठ घरी नेतात आणि लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी वजन करून देतात. नेलेलं पीठ संपलं की लाटणं संपलं. एकटीने शिवणारीला असं मोजून पीठ देणारं कुणी नसतं. कापड येतच राहतं. वहीतल्या ओळी हेच माझं पीठ.

आता पैसे, कारण खरी अडचण इथे आहे. वर्षाचे 52 आठवडे. आजारपण, गावची लग्नं, सुट्टी आणि मंदीचे मिळून आठ वजा करा. 44 गुणिले 6, म्हणजे 264 ब्लाउज. महिन्याला हाती 15,000 हवेत, आणि धागा, वीज, मशीनची दुरुस्ती यांना वर्षाला 20,000 धरले, तर 2,00,000 भागिले 264: शिलाई साधारण 760 पडायला हवी. पुष्कळ ठिकाणी इतकी मिळत नाही. आपण शेजारच्या गल्लीतला दर उचलतो आणि तूट रात्री जागून भरतो. मला एकदम दर वाढवणं जमलं नाही. पण जुना ब्लाउज उसवून मोठा करणं ‘असू दे’ म्हणून फुकट करायचे, त्याचे पैसे घेऊ लागले. फॉल-पिकोचं काम वाढवलं. पॅटर्नच्या गळ्याला वेगळा दर लावला. हिशेब त्यामुळे थोडा जवळ आला, पुरता अजून नाही.

सुट्टी पंचांग बघून घ्यावी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईत काम अंगावर येतं. पौषात लग्नं थांबतात, मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे काळे ब्लाउज सोडले तर हात मोकळा. पितृपक्षावर मात्र विसंबू नका. नवी खरेदी तेव्हा थांबते खरी, पण नवरात्रातल्या नऊ रंगांची तयारी कपाटातल्या साड्यांवरच सुरू झालेली असते.

फोनसाठी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाची वेळ आणि आपोआप जाणारं उत्तर लावता येतं, तेवढं पुरतं. सगळ्यात अवघड निघाले हुक. ‘टीव्ही बघता बघता होतात’ म्हणून ते रात्रीवर ढकलायचे. ना मालिका धड बघून व्हायची, ना टाके सरळ यायचे. आता हुक दुपारी, उजेडात.

परवा रात्री खालच्या मजल्यावरच्या काकू कापड घेऊन आल्या. “अगं, एकच तर आहे, रविवारी बसशील ना?” मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं, उलटलं, आणि पुढच्या आठवड्यातल्या चौथ्या ओळीवर स्वतःच नाव लिहिलं. मग म्हणाल्या, “चहा टाक, आता मोकळीच आहेस तर.”