हृदयरुग्णाला सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?



घरात कुणाची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली की भेटायला येणारे सगळे पेशंटची चौकशी करतात. रात्री दोनदा उठून त्याचा श्वास नीट चाललाय ना, हे बघणाऱ्या बायकोला किंवा मुलाला "तुम्ही कसे आहात?" असं क्वचितच कुणी विचारतं. झोप न लागणं, सतत चिडचिड, स्वतःचीच बीपीची गोळी विसरणं ही त्यांच्यावरच्या ताणाची लक्षणं आहेत.

प्लास्टर काढलं की हात बरा झाला हे दिसतं. हृदयाचं तसं नसतं. "पुन्हा अटॅक आला तर?" ही धास्ती मनात राहतेच. ती कमी करायला काय करता येईल?

१. आधीच ठरवून ठेवा. छातीत दुखणं, दम लागणं, घाम फुटणं, हात किंवा जबड्यात कळ येणं असं काही झालं तर लगेच १०८ ला फोन करायचा. गोळ्यांची यादी आणि रिपोर्ट एकाच फाईलमध्ये ठेवा. घरातल्या एकाने तरी सीपीआर शिकून घ्यावा. त्यात मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबतात.

२. डॉक्टरांना विचारून घ्या. किती चालायचं, जिना कधी चढायचा, हे लिहून आणा. नाहीतर "हे करू नका, ते करू नका" यावरून रोज वाद होतात.

३. स्वयंपाक एकच करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे कमी मिठाचं जेवण सगळ्यांनाच चांगलं, आणि वेगळ्या भाजीचा व्याप वाचतो.

४. मदत नाकारू नका. कुणी विचारलं तर नेमकं काम सांगा: "गुरुवारी दोन तास बसाल का?" त्या वेळेत झोपा किंवा फिरून या.

५. मुलांना खरं सांगा. लपवलं तर "मी दंगा केला म्हणून बाबा आजारी पडले" असंही मूल मनात धरतं. शिक्षकांनो, एखाद्याचा गृहपाठ अचानक राहू लागला तर सगळ्यांसमोर रागावू नका, बाजूला घेऊन विचारा.

आणि मन फारच थकलं तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा काहीच नाही. सांभाळणारं माणूस धड राहिलं तरच पेशंटचं पथ्यपाणी आणि औषधं वेळेवर होतात.