विद्यापीठीय क्रीडावैर आणि विद्यापीठाबाहेरील चाहता

अमेरिकेतील अलाबामा राज्यात एनएफएल या प्रमुख व्यावसायिक फुटबॉल लीगमधील संघ नाही. त्यामुळे ऑबर्न व अलाबामा विद्यापीठांचे संघ हाच तेथील जनसामान्यांच्या अस्मितेचा विषय ठरतो. २०१० च्या सामन्यात ०-२४ अशा पिछाडीवरून ऑबर्नने २८-२७ असा विजय मिळविला. पुढे हार्वे अपडाइक या अलाबामाच्या चाहत्याने ऑबर्नमधील दोन जुन्या ओक वृक्षांच्या मुळांशी जहाल तणनाशक घातले आणि २०११ मध्ये रेडिओ कार्यक्रमात दूरध्वनी करून त्याची बढाईही मारली. ऑबर्नचा विजयोत्सव याच वृक्षांखाली होत असे. २०१३ मध्ये त्याला शिक्षा झाली. वृक्ष मात्र तोडावे लागले. अपडाइक अलाबामा विद्यापीठात कधीच शिकलेला नव्हता. साहजिकच विद्यार्थ्यांसाठीचे शिस्तभंगाचे नियम त्याला लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.