थकव्यामागची ग्रंथी

1 ऑगस्टच्या जागतिक फुफ्फुस कर्करोग दिनानिमित्त तंबाखू, प्रदूषण आणि महागडी नवी औषधे यांवर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. मात्र हा कर्करोग मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाच्या पिट्युटरी ग्रंथीत पसरला तर काय होते, याची चर्चा वैद्यकीय परिषदांबाहेर फारशी होत नाही. असा प्रसार विरळा असला, तरी पुरुषांमध्ये त्याचे मूळ बहुधा फुफ्फुसातच सापडते.

ग्रंथीच्या मागच्या भागाला धमन्यांतून थेट रक्त मिळते, तर पुढच्या भागाला ते मुख्यतः हायपोथॅलॅमसकडून शिरांवाटे फिरून येते. त्यामुळे कर्कपेशी बहुधा मागच्या भागात आधी रुजतात. मूत्राचे प्रमाण आवरणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक, म्हणजे ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणारे रसायन, इथूनच स्रवते. ते कमी पडले की डायबेटीस इन्सिपिडस जडतो: रुग्णाला दिवसाला तीन लिटरांहून अधिक, पाण्यासारखी फिकट लघवी होते, उशाशी भरून ठेवलेला तांब्या मध्यरात्रीच रिकामा होतो आणि रक्तातील साखर मात्र नॉर्मल येते. पिट्युटरीच्या नेहमीच्या साध्या गाठींत हे लक्षण शस्त्रक्रियेपूर्वी क्वचितच दिसते, म्हणून कर्करुग्णाची अशी तहान गांभीर्याने घ्यावी लागते.

खरी फसगत होते ती पुढच्या भागाच्या बिघाडात. अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारे एसीटीएच घटले की कॉर्टिसॉल घटते आणि थकवा, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, रक्तदाब उतरणे सुरू होते. ही सारी लक्षणे केमोथेरपीच्या खात्यावर बिनदिक्कत मांडली जातात. शिवाय कॉर्टिसॉलअभावी मूत्रपिंडांना जादा पाणी नीट बाहेर टाकता येत नसल्याने मागच्या भागाचा विकार झाकला जातो, आणि कॉर्टिसॉलची उणीव भरणारे हायड्रोकॉर्टिसोन सुरू होताच लघवीचे प्रमाण एकाएकी वाढले की औषधच बाधले असा घरच्यांचा समज होतो. याउलट कॉर्टिसॉलची उणीव भरून न काढता आधी थायरॉइडचे संप्रेरक थायरॉक्सिन दिले, तर जिवावर बेतू शकते.

कॉर्टिसॉलची गोळी आणि व्हॅसोप्रेसिनऐवजी डेस्मोप्रेसिन यांनी मूळ कर्करोग बरा होत नाही, पण रुग्ण अंथरुणातून उठून चार घास खाऊ लागतो. लाखोंची औषधे चालू असताना सकाळी आठच्या सुमारास करायची कॉर्टिसॉलची साधी रक्तचाचणी राहून जावी, याचे समर्थन होऊ शकत नाही. मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन चालू असल्यास तिचा आकडा फसवा येतो, एवढे ध्यानात ठेवून रुग्णाच्या नातेवाइकांनी दिवसभरातील पाणी व लघवी मोजून ठेवावी आणि या चाचणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.