व्यवसायाची निवड आणि मार्गदर्शन

दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हा निर्णय वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी घ्यावा लागतो. रूढ अर्थशास्त्रीय विवेचनानुसार, व्यक्ती प्रत्येक पर्यायाचा खर्च व त्यापासूनचे भावी उत्पन्न यांची तुलना करून निवड करते. प्रत्यक्षात सर्व पर्याय कोणालाच ज्ञात नसतात. १९७८ चे नोबेल पारितोषिक विजेते हर्बर्ट सायमन यांच्या मते, माणूस सर्वोत्तम नव्हे, तर पुरेसा समाधानकारक पर्याय स्वीकारतो. साहजिकच, जे व्यवसाय आसपास दिसतात, त्यांचाच प्रामुख्याने विचार होतो.

ही मर्यादा ओलांडता येते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर भारतातील काही खेड्यांत तीन वर्षे तरुणींना सेवाक्षेत्रातील नोकऱ्यांची माहिती व भरतीसाठी साहाय्य पुरविले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर खेड्यांच्या तुलनेत तेथे तरुणींच्या नोकरीचे प्रमाण वाढले, विवाह लांबणीवर पडले आणि शाळकरी मुलींचे शिक्षणही वाढले.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले होते. २०१५ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली. मात्र संकेतस्थळावरील माहिती आपोआप निर्णयात उतरत नाही. ज्या घरात शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे चुकलेल्या निवडीची किंमत सर्वाधिक असते आणि सल्ला देणारे मात्र कोणी नसते. म्हणूनच मार्गदर्शक अशा विद्यार्थ्यांच्या शाळेपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.