फाईल चढली, पण जमा झाली का? कॉलेजचं पोर्टल निवडताना आणि वापरताना

बोरीवली पूर्वेला राहणाऱ्या एका कुटुंबाने काही दिवसांपूर्वी आमच्याकडे आपली अडचण मांडली. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने प्रकल्प वेळेत पूर्ण केला, रात्री अब्बांच्या मोबाईलवरून कॉलेजच्या पोर्टलवर फाईल चढवली आणि निश्चिंत झोपली. महिन्याने अंतर्गत गुणांची यादी लागली, तेव्हा तिच्या नावापुढे शून्य होतं. फाईल पोर्टलवरच होती, पण 'ड्राफ्ट' म्हणून. त्यानंतरचं 'सबमिट' बटण दाबायचं राहून गेलं होतं आणि मुदत संपली होती.

मुलीची चूक होती का? थोडी होती. पण हे बटण कुठे असतं, हे तिला वर्गात कुणी दाखवलंही नव्हतं. म्हणून या पोर्टलविषयी घरच्यांनी आणि संस्था चालवणाऱ्यांनीही काय जाणून घ्यावं, ते आम्ही इथे मांडत आहोत.

एलएमएस म्हणजे काय?

लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजेच एलएमएस, हा कॉलेजचा ऑनलाइन वर्ग. नोट्स, व्हिडिओ, असाइनमेंट, छोट्या चाचण्या आणि गुण असं सगळं त्यात एका जागी असतं. प्रवेश, फी किंवा परीक्षा अर्जाचं पोर्टल वेगळं असतं. दोन्हींचे पासवर्डही बहुतेक वेळा वेगळे असतात. घरात गोंधळ होतो तो इथेच.

हा विषय आता हलक्यात घेण्यासारखा राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुंबई विद्यापीठाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत १०० पैकी ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, आणि त्यातलं बरंचसं काम अनेक कॉलेजांत पोर्टलवरूनच जमा होतं. शिवाय यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरून करता येतात. ऑनलाइन वर्ग म्हणजे करोनाच्या काळातली तात्पुरती सोय, असं समजून चालणार नाही.

कोणते पर्याय आहेत?

सर्वांत जास्त चर्चेतलं नाव मूडल. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातील मार्टिन डुगियामास यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आणली. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईतही मूडल वापरतात. पण 'फुकट' म्हणजे खर्चच नाही, असं नव्हे. सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणारा जाणकार माणूस यांचा खर्च संस्थेवर येतोच.

दुसरा पर्याय २०१४ मध्ये आलेल्या गूगल क्लासरूमचा. पात्र शिक्षणसंस्थांना तो मोफत मिळतो आणि शिकायला सोपा आहे. सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. मात्र गुणपत्रक, प्रश्नसंच, गटवार मुदत अशा बारीक सोयी मूडलमध्ये जास्त मिळतात. कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड यांसारख्या पर्यायांना पैसे मोजावे लागतात. छोट्या संस्थेने त्या वाटेला जाण्यापूर्वी नीट हिशोब करावा.

निवडताना काय विचारावं?

आपल्या समाजातील अनेकजण कॉलेजांच्या विश्वस्त मंडळांवर, पालक समित्यांवर असतात. कंपनीचा माणूस मोठ्या पडद्यावर चकचकीत सादरीकरण करतो आणि सगळे माना डोलावतात. त्यावेळी आपण खिशातला साधा मोबाईल काढून म्हणावं, 'आता हेच यावर उघडून दाखवा.' कारण पोर्टल वापरणार आहे ती दहा बाय दहाच्या खोलीत एका फोनवर तीन भावंडांसोबत अभ्यास करणारी मुलगी.

त्यानंतर हे प्रश्न विचारावेत:

१. नेट नसताना काय? सुट्टीत मुलं म्हसळा, श्रीवर्धनला गावी जातात, तिथे रेंजची खात्री नसते. मूडलच्या ॲपमध्ये धडे आधी उतरवून ठेवता येतात. शिक्षकांनी परवानगी दिली असेल, तर चाचणीही नेटशिवाय सोडवून नंतर पाठवता येते. ही परवानगी चालू आहे का, ते विचारा.

२. वेळेची सोय कशी आहे? चाचणी अर्ध्या तासाची असली, तरी ती दिवसभरात केव्हाही सुरू करता येईल अशी ठेवता येते. मग शुक्रवारी दुपारी नमाज आणि चाचणी यांत ओढाताण होत नाही, रमजानमध्ये ऐन इफ्तारच्या वेळी मोबाईल हातात धरावा लागत नाही. लोकलमध्ये अडकलेल्या किंवा संध्याकाळी कामावर जाणाऱ्या कोणत्याही मुलालाही याचा तेवढाच उपयोग होतो. यात कुणी वेगळी सवलत मागत नाही. सेटिंग फक्त नीट लावायची असते.

३. कॅमेरा सक्तीचा आहे का? असेल, तर रेकॉर्डिंग कुठे साठतं, किती दिवस राहतं आणि कोण पाहतं? घर लहान असतं, मागे अम्मी, बहिणी वावरत असतात. हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि पहिल्या वर्षाची अनेक मुलं १७ चीच असतात.

४. उद्या कंपनी बदलली तर? नोट्स, गुण, जुन्या नोंदी बाहेर काढता येतील, हे करारात लिहून घ्या.

५. शिक्षकांना कोण शिकवणार? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मूडलचे मोफत धडे आहेत. पैसे नाहीत म्हणून प्रशिक्षण नाही, ही सबब चालणार नाही.

घाई केली की काय होतं?

मुंबई विद्यापीठाचं २०१७ चं वर्ष अनेक घरांना आठवत असेल. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याची पद्धत घाईने सगळीकडे लागू झाली. निकाल रखडले, पुढच्या प्रवेशांसाठी मुलांची धावपळ झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेची ऑनलाइन परीक्षा सायबर हल्ल्यामुळे पुढे ढकलावी लागली. या दोन्ही गोष्टी एलएमएसच्या नव्हत्या, पण धडा तोच आहे: नवी यंत्रणा आधी एका विभागात चालवून बघावी, आणि ती बंद पडली तर काय करायचं तेही आधीच ठरवावं.

घरी काय करावं?

- नोंदणी मुलीच्या किंवा मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर करा. रिचार्ज संपला की बंद पडणारा नंबर देऊ नका.
- फाईल चढवणं आणि जमा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूडलमध्ये काही वेळा शेवटी 'सबमिट असाइनमेंट' दाबावं लागतं, गूगल क्लासरूममध्ये 'टर्न इन'. त्यानंतर बदललेली स्थिती डोळ्यांनी वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- मूडलमध्ये दोन तारखा असू शकतात. 'ड्यू डेट' उलटली तर काम उशिराचं ठरतं, पण 'कट-ऑफ डेट'पर्यंत ते स्वीकारलं जातं. पहिली तारीख गेली म्हणून हातपाय गाळू नका.
- शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. त्या रात्री सगळेच चढवत असतात आणि पोर्टल मंदावतं.
- सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या फोनवर काम केलं, तर लॉग-आउट करा. पासवर्ड मैत्रिणीलाही देऊ नका.
- अडचण आली तर तोंडी सांगून थांबू नका. त्याच दिवशी शिक्षकांना ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

बोरीवलीच्या त्या मुलीच्या बाबतीत हाच पुरावा कामी आला. मूडलसारख्या पोर्टलवर फाईल केव्हा चढली, याची वेळ नोंदलेली असते. आम्ही तिच्या अब्बांना सांगितलं की भांडायला जाऊ नका, लेखी अर्ज करा आणि ती नोंद तपासण्याची विनंती करा. विभागप्रमुखांनी नोंद पाहिली. फाईल मुदतीच्या आदल्या रात्रीची होती. गुण मिळाले.

तिच्या वर्गात आणखी दोघांची फाईल अशीच ड्राफ्टमध्ये पडून होती. त्यांच्या घरून कुणीच विचारायला गेलं नाही. आज रात्री जेवण झालं की मुलांना एवढंच विचारा: 'पोर्टल उघडून दाखव बघू, काय काय जमा झालंय?'